पावसाच्या दोन टोकांमधलं घोंगडं

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं निघालं की पाऊस पायरीपायरीनं उतरत जातो. गगनबावड्याला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि शिरोळच्या काळ्या रानात जेमतेम ५०० च्या आसपास. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. शिरोळात स्वच्छ ऊन असतं आणि तरी उंबऱ्याशी पाणी येतं, कारण पाऊस तिकडं राधानगरीत पडलेला असतो. पुराच्या दिवसांत आम्ही आभाळाकडं कमी आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं जास्त बघतो.

पिकांचं गणित या पावसावर ठरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वर भात, खाली ज्वारी, आणि आता सगळीकडं ऊस. पण आपली लोककलाही याच उतारावर मांडलेली आहे, हे मला एका दिवसाच्या भटकंतीत पहिल्यांदा नीट दिसलं. त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

नवरात्राच्या आधीचा आठवडा होता. पावसानं उघडीप दिली होती. मामेबहीण पुण्याहून आली होती, गाडी तिचीच. तिला मसाई पठारावरची फुलं बघायची होती. दुपारनंतरचा बेत ठरलेला नव्हता. पन्हाळ्यावर थांबून पिठलं-भाकरी आणि दही खाल्लं आणि पुढं निघालो. पन्हाळ्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. फक्त एवढंच, की १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून विशाळगडाकडं गेले ते याच मसाईच्या पठारावरून, रात्री आणि भर पावसात. पठारावर उभं राहून त्या रात्रीचा विचार केला की अंगावर काटा येतो. आडोसा म्हणून काही नाही. धुकं दाटलं तर दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही, आणि पायाखाली दगड, पाणी, दगड, पाणी.

हा दगड म्हणजे जांभा. काळ्या कातळावर जांभ्याचं झाकण बसावं तसा हा सडा आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ की काही ठिकाणी बोट खुपसलं तर खाली लगेच दगड लागतो. झाडाला मूळ धरायला जागाच नाही. उन्हाळ्यात इथं आलात तर तांबूस-काळा ओसाड माळ दिसेल. मात्र जूनमध्ये पाणी पडलं की जांभ्याच्या खळग्याखळग्यांत ते साचतं, आणि त्या चार महिन्यांच्या पाण्यावर एक अख्खी दुनिया उगवते. जमिनीलगत, वीतभर उंचीची. उभ्यानं बघणाऱ्याला फक्त रंगाचे पट्टे दिसतात. फुलं बघायची तर गुडघे टेकावे लागतात.

आम्ही टेकले. पांढऱ्या गेंदाच्या गोल डोक्यांची चादर पसरली होती आणि तिच्या मधेमधे सीतेच्या आसवांची जांभळी फुलं. ही सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण वनस्पती किडेखाऊ आहे. पाण्यात आणि ओल्या मातीत तिचे बारीक फुगे असतात, त्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन ती पचवते. शेजारीच दवबिंदू होता, तोही किडेखाऊ. त्याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, चिलट बसलं की अडकलंच. मातीत नत्र फार कमी म्हणून यांनी ही सोय केली. सड्यावर जगायचं तर जे मिळेल त्यातून भागवायचं, दुसरा मार्ग नाही. कवल्याची पिवळी फुलं, तेरडा, कडेच्या उतारावर सोनकी. वर चंडोल उडत उडतच गात होता. बहीण फोटो काढायचं विसरून तसंच बसून राहिली, यावरून काय ते समजा.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं या भागातल्या सड्यांवर आणि घाटमाथ्यावर फार मोलाचं काम केलं आहे. कंदीलपुष्पांसारख्या दुर्मिळ वनस्पती तिथल्या बागेत जपल्या आहेत. कोल्हापूरच्या माणसानं एकदा तरी तिथं जाऊन यावं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखला जाणारा गेंदसुद्धा शास्त्रात नोंदला गेला आहे, हे कितीजणांना माहीत असेल?

मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तरीही गाड्यांच्या चाकांचे चर सड्यावर दिसतातच. ज्या पातळ थराबद्दल मी वर लिहिलं, तो चाकाखाली एकदा गेला की तिथं पुढच्या वर्षी गेंद उगवत नाही. मला याचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

तिथंच एक आजी भेटल्या. पाच-सहा म्हशी चरायला सोडून एका दगडावर बसल्या होत्या. डोक्यावरून पाठीवर काळ्या घोंगड्याची खोळ. ऊन पडलं होतं तरी खोळ तशीच. वारं गार होतं.

“कुठनं आलासा गं पोरींनो?”

“कोल्हापुरातनं, आजी.”

“फुलं बघाय व्हय. ह्या दिसांत लई माणसं येत्यात.” मग म्हशींकडं हात करून, “ही चरत्यात म्हणून गवत आखूड ऱ्हातंय. गवात वाडलं तर तुमची फुलं दिसायची बी न्हाईत.”

या आजी गवळी धनगर, डंगे धनगर म्हणतात तसल्या वाड्यावरच्या. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरांत त्यांचे धनगरवाडे आहेत. शहरात धनगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मेंढरं येतात. पण या डोंगरातल्या धनगरांकडं मेंढरं नसतात, म्हशी असतात. मेंढराला हा पाऊस झेपत नाही. चिखलात खुरं कुजतात, लोकर ओलीच राहते, आजार लागतो. म्हैस मात्र पावसात खूश. म्हणून वरच्या डोंगरात म्हशीवाले धनगर आणि खालच्या कोरड्या माळावर मेंढरावाले. तो फरकही या उतरत्या पावसानंच केलेला.

मग माझं लक्ष खोळीवर गेलं. मेंढरं जर इथं नाहीत, तर हे घोंगडं आलं कुठून?

“कोडोलीच्या यात्रंतनं आणल्यालं. म्हाताऱ्यानं आणल्यालं, बिरदेवाला गेलं हुतं तवा.”

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घोंगडं अजून अंगावर होतं. बहिणीनं विचारलं, पावसात हे भिजत नाही का. आजी म्हणाल्या, “भिजतंय की. पर भिजलं तरी ऊब सोडत न्हाई. प्लॅस्टिकचा कागद घेतला तर भायरनं पाऊस आन् आतनं घाम. लावणीला आमी समदी ह्याच्यावरच असायचो.” भातलावणीच्या दिवसांत, दिवसदिवस वाकून रोपं लावणाऱ्या बायांच्या पाठीवर एक तर बांबूचं आणि पानांचं इरलं असायचं, नाहीतर ही खोळ. लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल मुरलेलं असतं, त्यामुळं पाणी बराच वेळ वरच्या वर निथळून जातं. आता वावरात निळे-पिवळे कागद दिसतात.

म्हणजे जिथं पाऊस सोसत नाही म्हणून मेंढरू राहू शकत नाही, तिथल्या माणसाला पाऊस सोसावा म्हणून मेंढराचीच लोकर लागते. ती येते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडून. आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं. दुपारचा बेत ठरला.

कोल्हापुरात खाली उतरून हुपरीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस. हवेतला गारवा कधी गेला ते कळलं नाही. चांदीच्या दागिन्यांसाठी नाव असलेल्या हुपरीच्या अलीकडं, हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली, आजी म्हणाल्या ती कोडोली. धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाचं मोठं ठाणं. देवळापाशी एका पानपट्टीवर घोंगडं विणणाऱ्याचं घर विचारलं तर त्या माणसानं आधी विचारलं, “घ्यायचंय का नुसतं बघायचंय?” बघून मग घ्यायचंय म्हटल्यावर पोराला बरोबर दिलं.

विणकर सणगर समाजातले. कोल्हापूर शहरातली सणगर गल्ली ज्यांच्या नावानं ओळखली जाते, तेच हे लोक. वय सत्तरीच्या पुढं. आम्ही त्यांना मामा म्हणालो. घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून मामा बसलेले, कमरेच्या उंचीवर माग. हात धोट्यावर, पाय खालच्या पावड्यांवर. काळ्या सुताचा ताणा समोर लांबपर्यंत गेलेला. खोलीत लोकरीचा उग्र वास होता. दोन मिनिटांत सवय झाली आणि मग तो आवडायला लागला.

“माल धनगराचा, हात सणगराचा,” मामा म्हणाले. कामाची वाटणी तशीच आहे. मेंढपाळ वर्षातून दोनदा मेंढरं कातरतो. त्याआधी ओढ्यात किंवा नदीत मेंढरं धुतात. लोकर पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि चरख्यावर सूत काढायचं. हे सूत बहुतेक धनगरवाड्यांतल्या बायकाच काढत आल्या. रंग लावायचा नाही. काळं, पांढरं, करडं, तपकिरी, जे मेंढीच्या अंगावर तेच घोंगड्यात. दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी असे प्रकार सांगतात, त्यांत एक कोल्हापुरीही आहे. लोकर जाडीभरडी. स्वेटरला उपयोगाची नाही, पण घोंगड्याला हीच लागते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाचं घोंगडं सगळ्यांत मऊ आणि मानाचं. मामांनी कपाटातून एक काढून माझ्या हातात दिलं आणि मी ते गालाला लावलं. हाताला कळतं त्यापेक्षा गालाला जास्त कळतं.

मला सगळ्यांत गुंतवून ठेवलं ते खळीनं. ताणा मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, फोलं काढायची, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून चिकट लापशी करायची. ताणा दारापुढं गल्लीत लांबच्या लांब ताणून धरायचा आणि कुंच्यानं ती खळ एकसारखी फिरवत जायची. सूत एकमेकांना चिकटता कामा नये, आणि कोरडंही राहता कामा नये. मग वाळवायचं. खळ बसली की कच्चं सूत मागाचा ताण सोसतं. आणि ती वाळायला कडक ऊन लागतं. “आषाढात माग बंद,” मामा म्हणाले. “ऊन न्हाई तर खळ न्हाई, खळ न्हाई तर घोंगडं न्हाई.”

पावसापासून पाठ राखणारी वस्तू पावसात तयारच होऊ शकत नाही. ती कोरड्या मुलखातल्या उन्हात, कोरड्या मुलखातल्या मेंढरापासून, बांधावरच्या चिंचेच्या बियांनी तयार होते आणि मग ओल्या मुलखात जाते. सकाळी सड्यावर आजींच्या पाठीवर ज्याची खोळ बघितली, त्याचं मूळ मी संध्याकाळी मागावर बघत होते. एकाच जिल्ह्यातल्या दोन पावसांनी मिळून केलेली ही वस्तू आहे. अशी दुसरी मला तरी माहीत नाही.

मामांच्या हातांबद्दल थोडं लिहायला हवं. धोटा फेकताना त्यांची नजर त्याच्यावर नसायची, काठावर असायची. काठाला पांढऱ्या सुताची एक रेघ चालली होती. कुठं सूत तुटलं की बोटांना आधी कळायचं, मग ते थांबायचे, थुंकी लावून पीळ द्यायचे आणि पुढं. मोजपट्टी नाही. कोपरापासून बोटापर्यंत हात ठेवून मोजायचं. मी विचारलं, पोरं शिकली का. त्यांनी मान हलवली आणि माग चालू ठेवला. एक मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, धाकट्याचं मोबाईलचं दुकान आहे. दोघं चांगले आहेत, घर त्यांच्यावर चालतं, हेही त्यांनी लगेच सांगितलं. पोरांवर ठपका येऊ नये, असं त्यांच्या बोलण्यात होतं.

मागाइतकीच अडचण मेंढराची आहे. लोकरीला भाव उरलेला नाही. कातरणाऱ्याला मजुरी द्यायची आणि निघालेली लोकर बांधावर टाकून द्यायची, अशी वेळ मेंढपाळावर आली आहे. मग तो मटणाला चांगली म्हणून जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी कळपात आणतो. उंच, बाकदार नाकाची, देखणी. पण तिच्या अंगावर लोकर म्हणावी अशी नसतेच. मेंढपाळाला दोष कसा द्यायचा? त्याला पोट आहे. दुसरीकडं उसानं पडीक रान संपवलं. पूर्वी सुगी झाली की शेतकरी मेंढरं शेतात बसवायला बोलवायचा. रात्रभर कळप बसला की वावराला खत मिळायचं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळायचे. ऊस बारा महिने उभा असतो. त्यात कळप बसवणार कुठं?

देवळाकडून ढोलाचा आवाज यायला लागला तेव्हा आम्ही मामांकडं चहा घेत होतो. यात्रा जवळ आली होती, पोरं सराव करत होती. जाऊन बघितलं. मधे मोठे ढोल आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, भोवती रिंगण. पोशाख नव्हता, कुणी टी-शर्टात, कुणी बनियनवर. यात्रेत पांढरे अंगरखे, मुंडासी आणि हातात रंगीत रुमाल घेऊन जे गजीनृत्य होतं, तेच हे, सजावट काढून. त्यामुळं पावलं जास्त नीट दिसत होती. दोन पावलं पुढं, एक मागं, गिरकी, आणि रिंगण कायम. कळप हाकताना माणूस जसा कडेकडेनं वळसा घेत चालतो तसंच काहीसं. हे मला वाटलं, कुणी सांगितलेलं नाही.

सराव थांबला तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी ओवी उचलली. बाकीच्यांनी ती झेलली. काही ओळी गाऊन झाल्या की बाबा तोच भाग साध्या बोलीत गोष्टीसारखा सांगायचे, आणि पुन्हा गाणं. या सांगण्याला सपादणी म्हणतात. बिरोबाच्या, म्हणजे बिरदेवाच्याच जन्माची कथा होती, रानात वाढलेल्या देवाची. अधूनमधून ओढे, माळ, चारा, बकरी येत राहिली. गुंथर सोंथायमर नावाच्या जर्मन अभ्यासकांनी धनगरांच्या अशा ओव्या अनेक वर्षं, १९९२ साली त्यांचं निधन होईपर्यंत, गोळा केल्या आणि त्यांचा अर्थ जगापुढं मांडला. त्यांनी हे गाणं रानापासून आणि कळपापासून वेगळं करून बघितलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आपण शहरात स्नेहसंमेलनात चार मिनिटांचं गजीनृत्य बसवतो. पोरं मन लावून करतात, ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या चार मिनिटांत ना मेंढरू असतं, ना माळ, ना पावसाची वाट बघणं. आणि पावसाची वाट बघणं काढून टाकलं तर बिरदेवाच्या यात्रेत उरतं काय?

कारण यात्रेचा गाभा तोच आहे. दसरा आणि दिवाळीच्या मधे पट्टणकोडोलीला लाखांनी माणसं जमतात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातूनही. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून देवाच्या वतीनं बोलणारे फरांदेबाबा चालत येतात. छत्र्या, ढोल-कैताळ, ‘विठ्ठल-बिरदेवाच्या नावानं चांगभलं!’ भंडाऱ्याची उधळण इतकी की रस्ता, माणसं, देवळाच्या पायऱ्या सगळं पिवळं. भंडाऱ्याबरोबर खारीक, खोबरं आणि लोकरही उधळतात. मग तलवार घेऊन बाबा हेडाम हा देवाचा नाच खेळतात आणि भाकणूक सांगतात. भाकणूक कशाची? पाऊस कसा होईल, पीकपाणी कसं राहील, धान्याचा दर काय राहील, रोगराई येईल का. एवढा मोठा जनसमुदाय कान देऊन ऐकतो ते पावसाबद्दल. कोरड्या टोकावर राहणाऱ्यांना ओल्या टोकाचा अंदाज हवा असतो.

मी भाकणुकीवर विश्वास ठेवते का, असं बहिणीनं परतताना विचारलं. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटला नाही. पावसाबद्दल इतक्या लोकांनी एकत्र उभं राहून विचार करावा, याला मी मान देते.

मामांकडून एक घोंगडं घेतलं. जावळाचं नाही, साधं काळं, काठाला पांढरी रेघ असलेलं. दर त्यांनी सांगितला तो दिला. कातरणं, धुणं, पिंजणं, कातणं, खळ आणि विणणं, इतके हात लागलेल्या वस्तूचा दर पाडून मागायला जीभ रेटली पाहिजे. घरी आणल्यावर ते साबणानं धुऊ नका, अधूनमधून उन्हात टाका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उघडीप बघून जा. गाडी सड्याच्या बाहेर लावा आणि चालत जा. फुलं तोडू नका, कॅमेऱ्यासाठी त्यांच्यात लोळू नका. दुपारी पट्टणकोडोलीत माग चालू असेल तर बसायला अर्धा तास हाताशी ठेवा, दहा मिनिटांत काही कळत नाही. आणि यात्रेच्या गर्दीत घोंगडं घेणार असाल तर सूत बघून घ्या. यंत्राच्या सुताचं आणि कृत्रिम धाग्याचं काळं कापडही घोंगडं म्हणून विकायला असतं. हातावर घासून बघा, खरं असेल तर टोचतं आणि त्याला मेंढराचा वास येतो.

आम्हा दोघींना आता कातरणी बघायची आहे. पाऊस सरला की पूर्वेकडचे कळप पश्चिमेकडं निघतात, त्यांतले काही घाट उतरून कोकणात जातात. मामांनी एका मेंढपाळाशी बोलून ठेवतो म्हटलंय. त्याच्या कळपात अजून निम्मी मेंढरं काळी दख्खनी आहेत.